श्टेटलला खेडं म्हणू नका

तुम्ही पूर्व युरोपातल्या ज्यू गावांवरच्या पाच-सहा कथा इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या आहेत आणि तीन गोष्टींवर अडला आहात. 'श्टेटल'ला खेडं म्हणायचं का? कथांमधली भुतं, झपाटणं, ताईत हे लोकांचं की लेखकाचं, आणि त्याला तळटीप द्यायची का? सुरुवात कोणत्या कथेनं करावी? मी हे काम वीसेक वर्षं करतोय. यिडिश, म्हणजे तिकडच्या ज्यूंची भाषा, येते ती कोश मांडीवर घेऊन वाचण्याइतकी. तुम्ही ज्या खड्ड्यांच्या काठावर उभे आहात, त्यांतल्या बहुतेकांत मी पडून आलोय. पहिल्या प्रश्नावर जरा लांबण लावणार आहे, कारण तो सुटला की दुसरा निम्मा सुटतो.

खेडं म्हणू नका. माझ्या पहिल्या दोन कथांत मी बिनदिक्कत 'खेडं' लिहिलं होतं. छापून आल्यावर एका वाचकानं साधा प्रश्न केला : या खेड्यात शेती कोण करतं? कथेत शिंपी होता, चांभार होता, गाडीवान होता, पाणी वाहणारा होता, मुलांना शिकवणारा पंतोजी होता. नांगर धरणारा एकही नव्हता. मी गप्प बसलो.

यिडिशमध्ये शब्द तीन आहेत. 'श्टोट' म्हणजे शहर, 'श्टेटल' म्हणजे त्याचंच लाडकं-लहान रूप आणि 'दोर्फ' म्हणजे खेडं. श्टेटलच्या मधोमध चौक असतो. आठवड्याच्या बाजाराला भोवतालच्या दोर्फांतून पोलिश नाहीतर युक्रेनियन शेतकरी गाड्या जुंपून येतात. धान्य, अंडी, कोंबड्या विकतात. मीठ, रॉकेल, बूट, घोड्याचा साज घेतात आणि जाताना गुत्त्यात बसतात. चौकाभोवती ज्यूंची दुकानं आणि घरं, जरा आत सिनेगॉग, उताराला पाण्याजवळ शुद्धिस्नानाचं घर, गावाबाहेर दफनभूमी. पोलंडमधली अशी कितीतरी गावं मुळात सरदार-जमीनदारांच्या खासगी मालकीची होती. त्यांनी व्यापार वाढावा म्हणून ज्यूंना बोलावून वसवलं, आणि गुत्ता, गिरणी, मासळीचं तळं त्यांना ठरावीक रकमेवर चालवायला दिलं. अशा माणसाला यिडिशमध्ये जे म्हणतात त्याला इंग्रजी भाषांतरकार तीन-तीन शब्द खर्चतात. आपल्याकडे 'मक्तेदार' आयता आहे. आणि श्टेटललाही शब्द आयता आहे : कसबा. जुन्या महसुली कागदांत 'मौजे' आणि 'कसबे' वेगळे लिहायचे ते याच फरकासाठी. पेठ भरते ते कसबे.

ही शब्दांची काथ्याकूट नाही. कथेचा कणा यावर उभा आहे. रशियन साम्राज्यात ज्यूंना राहायला पश्चिमेकडचा एक पट्टाच ठरवून दिलेला होता, 1791 पासून 1917 पर्यंत. त्या पट्ट्यातही 1882 च्या मे महिन्यात सरकारनं 'तात्पुरते' नियम काढले : शहरं आणि कसबे सोडून, म्हणजे खेड्यांत, ज्यूंनी नव्यानं वस्ती करायची नाही. ते तात्पुरते नियम झारशाही जाईपर्यंत टिकले. आता यिडिश कथाकार शोलेम अलैखेमचा तेव्ये दूधवाला घ्या. तो श्टेटलमध्ये राहतच नाही. तो खेड्यात राहतो, आजूबाजूला सगळे शेतकरी, आणि लोणी-चीज घेऊन बोइबेरिकला उन्हाळ्यात येणाऱ्या शहरी श्रीमंतांच्या बंगल्यांवर जातो. अनातेव्का हा त्याच्या जवळचा कसबा. गाजलेल्या ब्रॉडवे संगीतिकेनं 1964 मध्ये त्याला अनातेव्कात नेऊन बसवलं आणि तेव्हापासून सगळं जग त्याला तिथलाच समजतं. पण मूळ कथामालिकेच्या शेवटाकडे त्याला घर सोडायला लावतात ते तो खेड्यातला ज्यू आहे म्हणूनच. तुम्ही अनातेव्कालाही खेडं आणि तेव्येच्या वस्तीलाही खेडं लिहिलंत, तर तो हुकूम हवेतून पडल्यासारखा वाटेल.

माणसांच्या नावांबद्दलही तेच. 'रेब' हा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हे. 'रेब तेव्ये' म्हणजे 'तेव्येराव'. गावाचा धर्मनिर्णय देणारा तो 'रोव्ह', आणि हसिदी पंथाचा गुरू तो 'रेब्बे'. इंग्रजी भाषांतरं कधीकधी तिघांना एकाच शब्दात कोंबतात आणि मग वाचकाला वाटतं की गावात दर तिसरा माणूस पुरोहित आहे. 'शोखेट'ला मी एकदा 'खाटीक' केलं होतं. चूक. शोखेट म्हणजे धर्मविधीनुसार जनावर कापणारा : धर्मशास्त्र शिकलेला, परीक्षा दिलेला, सुरीची धार नखावर तपासणारा माणूस. त्याची मुलगी सून म्हणून मिळणं हा मान. आपल्या गावगाड्यातला मुलाणी कामापुरता त्याच्या जवळ जातो, पण तोही शब्द पोलंडात चालायचा नाही. मी आता 'शोखेट' ठेवतो आणि पहिल्या उल्लेखातच कोणाच्या तरी तोंडून त्याच्या सुरीबद्दल एक वाक्य येऊ देतो.

इथं एक मोह होईल, तो आधीच सांगून ठेवतो. मराठी बोलणारे ज्यू आपल्याकडे आहेतच. कोकणातले बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली'. त्यांच्या बोलीत सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. मुंबईत 1796 मध्ये बांधलेलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखलं जाई. ज्यू नववर्षाला ते 'नव्याचा सण' म्हणत, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या उपासाला 'बिरड्याचा रोजा'. किती सुंदर शब्द! मी ते एका पोलिश कथेत वापरून पाहिले. फ्राम्पोल गाव उचलून रेवदंड्याला नेल्यासारखं झालं. वालाच्या बिरड्याचा वास आला की मागे नारळ दिसायला लागतो, बर्फ नाही. ते शब्द कोकणातल्या ज्यूंच्या कथांसाठी राखून ठेवा. एलियाहू संदेष्टा मात्र दोन्हीकडे सापडेल. कोकणात नवस फेडताना मलिद्याच्या ताटासमोर त्याचं नाव घेतात आणि अलिबागजवळ त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. पोलंडात तो फाटक्या कोटातला वाटसरू होऊन दारात उभा राहतो. तिथं तळटीप नको, मराठी वाचक त्याला ओळखतो.

आता भुतं. तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे, की भूत आलं म्हणजे कथा वास्तवातून सुटली. या कथांत उलट होतं. भूत आलं की कायदा सुरू होतो.

माझं आवडतं उदाहरण कथालेखकाचं नाहीच. 1705 मध्ये फ्रँकफर्टला छापलेल्या 'काव्ह हायाशार' नावाच्या नीतिपर ग्रंथात ते आहे. पोझनान शहरातल्या एका दगडी घराचं तळघर कायम बंद असे. एक तरुण आत गेला तो उंबऱ्यावर मेलेला सापडला. पुढे घरातल्या वस्तू आपोआप उलथायला लागल्या आणि राहणारे घर सोडून गेले. झामोश्चहून योएल नावाच्या मांत्रिक रब्बीला बोलावलं. त्यानं नावांच्या जोरावर भुतांना विचारलं, तुम्ही इथं का? तर भुतं म्हणाली, घर आमचं आहे, आणि आमचा दावा न्यायासनापुढे चालवा. चालला! भुतांचं म्हणणं असं, की पूर्वी इथं राहणाऱ्या सोनाराचे एका भूतिणीशी संबंध होते, तिच्यापासून त्याला मुलं झाली. त्याची माणसांतली संतती आता संपली, तेव्हा वारस आम्ही. रब्बींनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला : माणसांच्या वस्तीत भुतांना वाटा नाही, त्यांचं ठिकाण रान आणि ओसाड जागा. मग त्यांना तिकडे घालवलं.

हा निवाडा नीट वाचा. भूत आहे की नाही हा वादच नाही. वाद वारसाहक्काचा आहे. आपल्या भुताच्या गोष्टींत मुंजा पिंपळावरून उतरत नाही तो हट्टानं. इथलं भूत कागदपत्रं घेऊन बसतं. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मशास्त्र-ग्रंथात तर भुतं पाहायची रीतही दिलेली आहे : पलंगाभोवती चाळलेली राख पसरा, सकाळी कोंबड्याच्या पायांसारखे ठसे दिसतील. सारवलेल्या जमिनीवर रांगोळी टाकावी इतक्या सहज सुरात सांगितलंय.

हा सूर तुमच्या भाषांतरात आला पाहिजे. भुताच्या परिच्छेदात 'अगम्य', 'गूढ', 'थरारक' असले शब्द दिसले की मी ते खोडतो. उदाहरणार्थ, मेलेली माणसं रात्री सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमतात अशी समजूत होती. म्हणून पहाटे शामेस, म्हणजे तिथला झाडलोट-दिवाबत्ती पाहणारा, किल्ली लावण्याआधी दारावर तीन वेळा ठोठावतो. आतल्यांना निघायला वेळ मिळावा म्हणून. बस, एवढंच लिहायचं. यावर तळटीप टाकलीत तर तुम्ही वाचकाला शामेसच्या शेजारून उचलून वाचनालयात नेऊन बसवता.

तळटिपेपेक्षा वाक्यातच अर्थ कसा मुरवायचा याचा एक नमुना देतो. बायका दफनभूमीत जाऊन कबरींच्या कडेकडेनं वातीचा दोरा धरत, सगळी दफनभूमी दोऱ्यानं मोजत, आणि मग त्याच दोऱ्याच्या वाती करून योम किप्पुरसाठी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसासाठी, मेणबत्त्या वळत. एकेक वात टाकताना एकेका पूर्वजाचं नाव घेत. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'कबर-मापन विधी' असं काहीतरी भयंकर होतं. आता असं आहे : 'आजीनं दोऱ्याचं एक टोक मला धरायला दिलं आणि ती कुंपणाकडेनं चालू लागली. ज्यांना मोजलं त्यांच्यासाठी रात्री दिवा.' दुसरं छोटं वाक्य माझं, मुळात नाही. भाषांतरकारानं इतकी भर घालावी का, यावर लोक भांडतात. मी घालतो.

साथीच्या रोगात गावातल्या दोन अनाथांचं लग्न दफनभूमीत लावायची प्रथाही तुम्हाला भेटेल. ती सजावट समजू नका. गाव आपल्या सगळ्यांत दुबळ्या दोघांना उभं करून पटकी घालवू पाहतं, हे कथेत क्रूरपणे यायला हवं. इथं मऊ मराठी लिहाल तर फसाल.

लोकांचं की लेखकाचं, याचं उत्तर : लोकांचं, पण शहरात राहणाऱ्या माणसाच्या हातून गेलेलं. हे लेखक श्टेटलमध्ये बसून लिहीत नव्हते. आय. एल. पेरेट्स झामोश्चचा, पेशानं वकील. 1890 मध्ये तो एका पाहणीसाठी तोमाशुव्ह भागातल्या कसब्यांमधून वही घेऊन हिंडला. घरात माणसं किती, कमाई किती. लोकांना वाटलं, हा नवा कर आला. पुढच्याच वर्षी त्यानं त्या प्रवासाची शब्दचित्रं छापली. त्यांत आकडे विचारणाराच हळूहळू उघडा पडत जातो. त्याची 1900 ची रेब्बेवरची कथा वाचाल तेव्हा ही वही आठवा. प्रायश्चित्ताच्या दिवसांत रेब्बे पहाटे नाहीसा होतो; भक्त म्हणतात, तो स्वर्गात जातो. एक संशयी लिथुआनियन ज्यू त्याच्या पलंगाखाली लपतो, पाठलाग करतो आणि रेब्बेला शेतकऱ्याच्या वेशात एका आजारी म्हातारीसाठी लाकडं फोडताना पाहतो. कथेतला संशयी माणूस म्हणजे पाहणीवाला पेरेट्सच आहे, असं मला वाटतं. पुरावा काही नाही.

आन्स्की या यिडिश लेखकानं पुढची पायरी घेतली. 1912 ते 1914 त्यानं वोल्हिनिया-पोदोलिया भागातले साठ-सत्तर कसबे पालथे घातले. गोष्टी, गाणी, ताईत गोळा केले, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज भरून घेतले, छायाचित्रं काढली. त्याच्या प्रश्नावलीत 2,087 प्रश्न होते, आईच्या पोटापासून मरणापर्यंत आणि मग मेल्यानंतरचेही. महायुद्धानं मोहीम थांबवली. पण दिब्बुकवरचं त्याचं नाटक या सगळ्या साठ्यावर उभं राहिलं. दिब्बुक म्हणजे मेलेल्याचा आत्मा जिवंत माणसाला चिकटणं. शब्दाचा धातूच चिकटण्याचा. आणि तिथेही, पाहा, मेलेल्याच्या तक्रारीवरून रब्बींचं न्यायासन बसतंच. नाटक 1920 च्या डिसेंबरात वॉर्सात रंगभूमीवर आलं, आन्स्की गेल्यावर महिन्याभरानं.

आयझॅक बाशेविस सिंगरचं प्रकरण निराळं. त्याचं बालपण बरंचसं वॉर्सातल्या गल्लीत गेलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात आईबरोबर तो बिल्गोरायला गेला आणि तिथली काही वर्षं त्याला जन्मभर पुरली. बिल्गोराय, फ्राम्पोल, गोराय, क्रेशेव्ह ही त्याच्या कथांतली गावं नकाशावर आहेत, लुब्लिनच्या दक्षिणेला. 1935 मध्ये तो अमेरिकेला गेला. गिम्पेल या भोळ्या बेकरीवाल्याची कथा यिडिशमध्ये 1945 मध्ये आली. तोवर फ्राम्पोलवर 1939 च्या सप्टेंबरात जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून गाव जवळजवळ सपाट केलं होतं आणि नंतर तिथल्या ज्यूंना मारलं होतं. कथेत याचा एक शब्दही नाही. गिम्पेलच्या बायकोचा व्यभिचार हा प्रश्न रब्बींपुढे जातो, ते त्याला तिच्यापासून वेगळं राहायला लावतात, गावोगावच्या रब्बींचा पत्रव्यवहार चालतो, आणि नऊ महिन्यांनी मायमोनिडीस या मध्ययुगीन धर्मशास्त्र्याच्या ग्रंथात त्याच्या बाजूचा एक आडवळणाचा आधार सापडतो. नऊ महिने! ज्या गावात आता ज्यू उरलेला नाही, तिथं एका बेकरीवाल्याच्या घरचा प्रश्न सोडवायला लेखकानं इतका निवांत वेळ दिलाय. म्हणून 'एकेकाळी असं एक गाव होतं' असला उसासा भाषांतरात घालू नका. मी घातला होता. संपादकांनी काढला, आणि तेव्हा मी त्यांच्यावर रागावलो होतो.

खेल्मच्या शहाण्यांबद्दल फार लिहीत नाही. गाव खरं आहे, पूर्व पोलंडातलं. तिथं दुसऱ्या महायुद्धाआधी जवळजवळ निम्मी वस्ती ज्यूंची होती. मूर्खपणाच्या गोष्टी मात्र बऱ्याचशा जर्मन लोककथांतून यिडिशमध्ये आल्या आणि खेल्मला चिकटल्या. पहिला बर्फ पडलेला असतो, शामेसच्या पावलांनी तो बिघडू नये म्हणून चौघे जण शामेसला उचलून दारोदार फिरवतात. मुलांना सांगायला उत्तम. भाषांतराच्या सरावालाही उत्तम, कारण यात लपायला जागा नाही. गोष्ट हसवते किंवा पडते.

सुरुवात कशानं करावी? शोलेम अलैखेमच्या टोपीच्या कथेनं. लिहिली 1913 मध्ये. शोलेम शाख्ने नावाचा एक दलाल, वल्हांडणाच्या सणासाठी घरी निघालेला. रात्री स्टेशनवर बाकावर जागा एकच, आणि तिथं लाल पट्टीची टोपी घातलेला सरकारी अधिकारी घोरत पडलाय. हा भीत भीत कडेला टेकतो. गाडी आली की उठव म्हणून हमालाला पैसे देतो आणि झोपतो. हमाल उठवतो, हा अंधारात टोपी चाचपतो आणि चुकून साहेबाची टोपी डोक्यावर घालून पळत सुटतो. गर्दी दुभंगते. तिकीटवाला 'हुजूर' म्हणून तिकीट देतो. कंडक्टर सलाम ठोकून पहिल्या वर्गाच्या डब्यात बसवतो. याला कळेना, ही चेष्टा कसली? मग डब्यातल्या आरशात तो स्वतःला पाहतो. टोपी पाहतो. आणि त्याला राग येतो तो हमालाचा : वीस वेळा सांगितलं मला उठव म्हणून, आणि या गाढवानं साहेबाला उठवलं, मी तिकडे बाकावर झोपलोय तसाच! तो स्वतःला उठवायला खाली उतरतो. गाडी जाते.

माणूस स्वतःलाच हरवून बसतो ही जुनी लोककथेतली गंमत. पण लेखकानं तिच्यावर टोपी ठेवली, आणि टोपी कोणाची, तर झारच्या अधिकाऱ्याची. लाल पट्टी नसती तर हा नुसता खेल्मचा विनोद राहिला असता. इथं तो विनोद 1913 च्या रशियात उभा आहे, जिथं ज्यूला नीट वागवलं गेलं तर पहिला विचार हाच येतो, की हा मी नसणार.

या कथेत मराठीची एक सोय आणि एक अडचण आहे. सोय 'अहो-जाहो'ची. इंग्रजीला सगळ्यांना एकच सर्वनाम; यिडिशमध्ये आपल्यासारखंच 'दु' आणि 'इर'. टोपीशिवाय हमाल 'ए' म्हणतो आणि टोपीसकट तिकीटवाला 'हुजूर' म्हणतो, हे आपल्या क्रियापदांतच दाखवता येतं, वेगळं सांगावं लागत नाही. तेव्ये देवाशी बोलतो तेही तसंच : अरेतुरे, भांडत, आणि धर्मग्रंथातली वचनं मुद्दाम वाकडी करत.

अडचण निवेदकाची. ही गोष्ट लेखक स्वतः सांगत नाही. कासरिलेव्का गावचा एक कागद-स्टेशनरीचा व्यापारी ती लेखकाला सांगतोय, सिगारेटीमागून सिगारेट ओढत. मी पहिल्यांदा हा व्यापारी गाळला, लांबण वाटली म्हणून. गोष्ट मेली. लिखित मराठीचा 'त्याने विचार केला की' आला आणि विनोद पळाला. तो ठेवा, त्याचे 'ऐकताय ना', 'थांबा, पुढं तर ऐका' ठेवा, आणि ते इंग्रजीतून जसेच्या तसे उचलू नका. तुमच्या ओळखीतला कोणी गोष्टीवेल्हाळ दुकानदार असेल तर तो कुठे थांबतो, कुठे गिऱ्हाइकाला चहा मागवतो ते बघून या.

खर्डा झाला की साठीच्या पुढच्या कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, ज्यांना यातलं काही माहीत नाही अशांना. जिथं ते 'कोण?' म्हणून विचारतील, तिथं वाक्यात अर्थ मुरवायचा. माझ्या मावशीनं अख्ख्या टोपीच्या कथेत एकदाच अडवलं. शोलेम शाख्नेनं हमालाला पैसे दिले तिथं. तिला विचारायचं होतं, किती दिले.